रात्रीचे पाय

डॉक्टर मगदूम म्हणाले होते, तीन आठवडे.
तीन आठवडे झाले, वैजयंतानं गल्लीत चिरमुरे-खोबरं वाटलं,
कारण सांगितलं दुसरंच.
आज एकशे अठरावा दिवस
आणि मला जांभई येते आहे.

साधी नव्हे. जबडा निखळेल अशी,
मागोमाग दुसरी, तिसरी, डोळ्यांतून पाणी,
मग शिंका. सात. कधी अकरा.
समोरच्या पाटावरचा सिद्राम मोठ्यानं मोजतो,
सगळा कारखाना हसतो.
सर्दी, मी म्हणतो.
मे महिन्यात.

हुपरीत कुणी विचारत नाही झोप लागली का.
विचारतात, आज किती जोड झाले?
पूर्वी माझे चाळीस व्हायचे.
पैंजणाची कडी कडीत, टाकणखार, बत्तीची निळी जीभ,
वाकलेली कंबर, आणि संध्याकाळी
कण्यातून कुणी तापलेली तार ओढतंय.
तेव्हा गल्लीतल्या पोरानं दिली पहिली गोळी.
घ्या मामा, पाठ विसरून जाल.
पाठ विसरलो.
पाठोपाठ बाकीचंही.

दोनाच्या चार झाल्या, चाराच्या बारा, मग मोजणं सोडलं.
एक रवा सांडला तर अख्ख्या खोलीचा केर चाळणारा मी.
सन्मतीचे वाळे
मीच घडवलेले, तिच्या बारशाला,
दोन पाकिटांना गेले.
तराजूवर ठेवताना
घुंगरू वाजू नये म्हणून मुठीत आवळून धरले होते.
एवढंच लख्ख आठवतं.

आता रात्री पाय माझे राहत नाहीत.
पोटऱ्यांत मुंग्यांनी वारूळ घातलंय.
उजवा झटका देतो, डावा उत्तर देतो,
पांघरूण खाली, पांघरूण वर,
आत्ता घाम, आत्ता हुडहुडी.
वैजयंता न बोलता उठते,
जुन्या लुगड्याची पट्टी गुडघ्याखाली करकचून बांधते
आणि स्वतःचा पाय माझ्या पायांवर टाकून झोपते,
दार उघडू नये म्हणून
आतून धोंडा लावावा तशी.
तीनला मी हळूच सुटतो,
गच्चीत जातो, कठड्याशी येरझाऱ्या घालतो.
पायांना चालायचंच असेल तर चाला म्हणतो, बाबांनो,
फक्त त्या पोराच्या दारापर्यंत नको.

मंगळवारी सीपीआरच्या बाकावर
कढत चहा दोन्ही हातांत धरून बसलो,
अंगावर काटा, बाहेर डांबर वितळतंय.
डॉक्टरांना म्हटलं, साहेब, तुमचे तीन आठवडे?
ते जरा ओशाळले.
म्हणाले, मोठा ताप तीन आठवड्यांचा. हे मागे रेंगाळतं.
शरीर आपलं औषध आपणच बनवत असतं,
तुम्ही बाहेरून आयता माल आणलात, त्यानं कारखाना बंद ठेवला.
आता कुलूप उघडलंय.
पण कारागीर पांगलेत, हत्यारं गंजलीत.
मी विचारलं, किती दिवस?
ते म्हणाले, कारखान्यातले तुम्ही. तुम्हीच सांगा.

दसरा चौकात औषधाचं दुकान आलं,
मी पलीकडच्या कडेनं गेलो.
यात शौर्य काही नाही.
पलीकडे सावली नव्हती, एवढं मात्र खरं.

एसटीत मुडशिंगीपर्यंत रडलो.
कशासाठी, विचारू नका.
खिडकीत एक म्हातारी कलिंगड मांडीवर घेऊन बसली होती,
पोर घ्यावं तशी, थोपटत.
तेवढ्यावरून.
सहा वर्षं कशानंच रडू आलं नव्हतं.

काल सन्मती म्हणाली, नवे नकोत मला.
मी विचारलंही नव्हतं.
पाटाखाली लपवलेली चौदा कड्यांची साखळी
तिनं कधी पाहिली कोण जाणे.
डाक दोन ठिकाणी जास्त झालाय, हात हलला तिथं.
मी ती तशीच ठेवली. वितळवली नाही.

आज नऊ जोड झाले.
शेटनी वही पाहिली, मिटली.
चार वाजता पुन्हा सुरू झालं,
एक, दोन, तीन, सिद्राम मोजू लागला, पोरं हसू लागली.
पाचला त्यानं माझ्याकडे पाहिलं
आणि थांबला.
पुढच्या सहा
मी एकट्यानं शिंकलो.
तो वाकून
न विझलेली बत्ती विझवल्यासारखं करत राहिला.