वायपर

रात्री सांदू खाली जायचा, वायपर काढून आणायचा,
दोन्ही, वर्तमानपत्रात गुंडाळून,
आणि ठेवायचा पावाच्या डब्यावर.
फगाराशमध्ये तेव्हा सगळेच काढायचे.
सकाळी पाऊस असला तर
इमारतीखाली पुरुषांची रांग,
आपापल्या गाडीच्या कपाळावर भुवया बसवत उभी.

पाच वर्षं पैसे भरून मिळालेली दाचिया.
मागितली होती निळी, आली
उकडलेल्या वाटाण्याच्या रंगाची.
कोण तक्रार करणार?
नंबर विषम, म्हणून एक रविवार आमचा,
पुढचा समवाल्यांचा.
दोरीनला वाटायचं, आजी
एकाआड एक रविवारीच जिवंत असते.

हिवाळ्यात चोक ओढायचा, श्वास धरायचा,
एक शिवी सांदूची, एक प्रार्थना माझी,
कोणती लागू पडली ते इंजिनाने कधी सांगितलं नाही.
मिरेलाच्या बाप्तिस्म्याला पाच सीटांत नऊ जण गेलो.
डिकीत कोबीचं पिंप, डिकी दोरीने बांधलेली,
माझ्या मांडीवर नणंद, नणंदेच्या मांडीवर केक,
आणि केकवर, पुलाजवळच्या वळणावर,
सासूबाईंची टोपी.

आता ही नवी. राखाडी. सात सीटांची.
मुलांनी तोरीनोहून पैसे पाठवले,
म्हणाली, आम्ही आलो की सगळे मावू.
ऑगस्टमध्ये येतात. अकरा दिवस.
उरलेलं वर्ष मागच्या पाच सीटा
प्लास्टिक पांघरून बसलेल्या.

खोटं कशाला बोलू, मला ती आवडते.
बूड गरम ठेवते. वळणावर पोटात ढवळत नाही.
मागे घेताना मागचं सगळं पडद्यावर दाखवते,
सगळं म्हणजे भिंत, कचऱ्याचे डबे, एखादं मांजर.
त्याहून मागचं तिला दिसत नाही,
ते बरंच आहे.
मागच्या सीटवर बटाट्याचं पोतं ठेवलं
की टुंटुं करत राहते, माणूस समजून.
मी पोत्याला पट्टा बांधते.
मग गप्प.

जुनी मार्चमध्ये गेली.
भंगारवाल्या पोराने कागदावर सह्या घेतल्या,
विचारलं, आत काही राहिलंय का?
सांदूने सीटखाली हात घातला:
समुद्रावरचा एक शिंपला, केसांची पिन, बाराचा पाना.
पाना खिशात टाकला.
बाकीचं होतं तिथे परत ठेवलं.

परवा रात्री दोन वाजता नवी किंचाळली.
इमारतभर दिवे लागले.
खिडकीतून पाहिलं तर
पायजम्यावर कोट चढवलेला सांदू,
एका हातात वर्तमानपत्र,
दुसऱ्याने वायपर धरलेला, सोडत नव्हता.
चौथ्या मजल्यावरून म्हातारा गेलू ओरडला,
"अरे, आता कोणी नेत नाही रे!"

"कोणी नेत नाही म्हणे," वर येऊन सांदू म्हणाला,
आणि घडी केलेलं वर्तमानपत्र
पावाच्या डब्यावर ठेवून
झोपायला गेला.