पेन्सिलची तारीख

माझ्या रजिस्टरात दोन रंग.
निळं पेन म्हणजे टोचून झालं.
पेन्सिल म्हणजे टोचायचंय.
दिवाळी सरली की
आमच्या पाड्याची पानंच्या पानं राखाडी.

मुकादमाचा ट्रक रात्री येतो.
भांडी, कोंबड्या, दादरचं पीठ, एक शेळी,
आणि ओढणीत बांधलेली
मान नुकती धरू लागलेली पोरं.
हातोड्याचा पूल ओलांडला, तापी मागे पडली,
की माझ्या यादीतली अठरा नावं
दुसऱ्या राज्याची होतात.
सिस्टर म्हणतात, शेऱ्यात लिही: बाहेरगावी.
मी लिहिते.
शब्द रकान्यात मावत नाही,
शेवटची 'वी' शेजारच्या पोराच्या घरात शिरते.

ठुमली वसावेला मी ट्रकपाशीच गाठलं होतं.
म्हटलं, परवा बुधवार. तिसरा डोस घेऊन मग जा.
ती म्हणाली, मागच्या टोच्याला दोन रात्री तापला होता.
तिकडं तापला तर मी पालात बसणार,
मी बसले तर नवरा एकटा,
एकट्याचा कोयता कुणी धरत नाही,
खाडा पडतो, खाडा उचलीत चढतो.
तापाला पाव गोळी देशील तू.
दिवस देशील का?

मी गोळ्यांची पट्टी दिली.
दिवस माझ्या पिशवीत नव्हता.

बुधवारी निळा डबा आला, आत बर्फ.
अंगणवाडीच्या ओट्यावर आम्ही तिघी
आणि एक बोकड.
बारा वाजता जत्री आली, नऊ वर्षांची,
सोळा महिन्यांचा भाऊ कडेवर.
आई? फडावर. बाप? फडावर.
घरी कोण? आजा. त्याला दिसत नाही.
मग हो कोण म्हणणार?
जत्री म्हणाली, मी आलीये ना.

एका पोरासाठी सिस्टरनी पाच जणांची कुपी फोडली.
जत्रीनं त्याचे पाय असे आवळले
जशी मोळी आवळतात,
आणि तो रडला तेव्हा ती दुसरीकडे बघत राहिली.
उरलेलं औषध चार तासांनी टाकून द्यायचं असतं.
त्या चार डोसांची नावं मला पाठ आहेत.

कुणी विचारत नाही, पण सांगते:
माझ्या डाव्या दंडावर व्रण नाही.
मी उसातच जन्मले.
पाठच्या बहिणीला गोवर निघाला
तेव्हा आई लिंबाचा पाला शोधत फिरली.
फडावर लिंब नसतो.
वाढे होते, तेच अंथरले.

होळीला ट्रक परतले.
ठुमलीनं चोळीतून एक कागद काढला,
चौघडी, घामानं मऊ.
अक्षरांच्या डोक्यावर रेघ नव्हती,
जणू छप्पर न घालताच कुणी निघून गेलं.
पण आकडे तर आपल्यासारखेच.
चौदा नाही, बावीस आठवड्यांनी.
तिसरा डोस. खाली कुणा नर्सबाईची सही,
घाईतली, माझ्यासारखीच.

दिवस कुणी दिला गं?
ठुमली हसली.
कारखान्याचा पट्टा तुटला होता त्या दिवशी.
उसाच्या गाड्या उभ्या, कोयते बंद,
तेवढ्यात बाई डबा घेऊन पालांवर आली.

मी पेननं तारीख उतरवली.
मग पेन्सिल घेतली, गोवराची पुढची तारीख काढली.
आखाजीच्या आसपास येते.
तेव्हा कुठं असशील?
वीटभट्टीवर, ती म्हणाली. कुठल्या ते अजून ठरलं नाही.
पोरगं माझ्या हातातली पेन्सिल ओढत होतं.
मी टोक आत करून दिली.
त्यानं ती तोंडात घातली,
नवे दोन दात लागले लाकडाला.