पासंग

साडेबाराच्या पुढे डिस्ट्रिक्ट लाइनची शेवटची गाडी जाते,
तळघरातलं टेबल अजून थोडा वेळ कुरकुरतं,
मग गप्प.
पहाटे पाचपर्यंत साउथ केन्सिंग्टन माझं.

दिवसा इथे काही मोजता येत नाही.
दीड टनाची पोलादी फळी, हवेच्या पायांवर तरंगणारी,
तिच्यावर आरसे,
आणि आरशांच्या मधोमध काचेचा एक कण,
मोहरीने ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं असा,
नुसत्या उजेडाने उचलून धरलेला.
त्याला कोण किती ढकलतं
एवढंच सांगायचं आहे मला. चार वर्षांत.

पहिल्या वर्षी आग्न्येश्का सफरचंद खाता खाता
फळ्यावरची चूक बसल्याजागी दाखवायची,
आणि प्राध्यापक थँक यू म्हणायचे.
मी फोनवर आईला म्हणाले,
यांच्या पासंगालाही पुरणार नाही मी.
फोन आप्पांनी ओढून घेतला.
बार्शीच्या भुसार लाइनीत चाळीस वर्षं तराजू दुरुस्त करणारा माणूस.
म्हणाले, पासंग म्हणजे काय, माहीत तरी आहे का?
आधी रिकामा काटा बघायचा.
दोन पारडी सारखी कधीच नसतात.
जेवढा फरक तेवढा खडा हलक्या बाजूला बांधायचा,
गिऱ्हाइकाला दिसेल असा.
लपवला की मापात पाप.
आणि जेवलीस का?

नोव्हेंबरपासून रोज तीन वाजून दहा मिनिटांनी
माझ्या सरळ रेषेवर एक उंचवटा.
डॉ. रॅटक्लिफ म्हणाल्या, कापून टाक तेवढा,
फक्त का कापलास ते लिही.
तेच तर लिहिता येईना.
पंप बंद केला. लिफ्टवाल्यांना मेल केली.
शेजारच्या म्युझियममध्ये टांगलेल्या देवमाशाच्या सांगाड्यावरही
दोन रात्री संशय घेतला.

शेवटी तीनला वर जाऊन अंधारात उभी राहिले.
चाकांची बादली ढकलत एक बाई आली,
उंबऱ्याशी थांबली,
कंबरेने रेटा दिला –
धप्प.

एल्विरा. कोचाबांबाची.
एलिफंट अँड कॅसलहून रात्रीच्या बसने येते,
आमच्यानंतर अजून दोन इमारती.
माझा आवाज होतो का, तिने विचारलं.
आवाज नाही, म्हटलं, वजन.
मोबाइलवर आलेख दाखवला: ही तू.
तिने चष्मा वर केला, नीट पाहिलं.
एवढी जाडी?
मग मुलाला पाठवायला फोटो मागून घेतला.

तिची पाळी बदलत नाही, माझी रात्र सरकत नाही.
म्हणून आता तीनला मी वर जाते,
दोघी मिळून बादली उंबऱ्यावरून उचलतो,
ती तिच्या थर्मासातलं काहीतरी दालचिनीचं पाजते,
हिंदुस्थानात डोंगर आहेत का विचारते.
मी बालाघाटचं नाव सांगते, जरा उंच करून.
उंचवटा खाली बसला. पुरता नाही.
वहीत लिहिलं: ३.१०, एल्विरा,
आणि पुढे किती, ते.

रविवारी आप्पांना सगळं रंगवून सांगितलं.
ते जरा वेळ काही बोलले नाहीत.
दुकानात कुणीतरी हातोडीने पितळ ठोकत होतं.
मग म्हणाले,
आणि तू वर जातेस तेव्हा?
तुझं वजन त्या टेबलाला कळत नाही होय?

काल बघितलं.
तीनच्या आधी, रेषेवर, अगदी बारीक,
माझ्या जिन्याच्या पायऱ्या.
जिना अठरा पायऱ्यांचा आहे.
मोजल्या तर सतरा निघाल्या.
पुन्हा मोजल्या.

एक पायरी मी रोज गाळून चढते,
कोणती, ते अजून सापडलेलं नाही.