एक की दोन

जहराच्या जुन्या बाजारात चष्म्याच्या दुकानात
अठरा वर्षं मी नोकरीला.
लोकांच्या हनुवट्या पट्टीवर टेकवतो, काच फिरवतो, विचारतो:
हे स्पष्ट, की हे?
एक... की दोन?
अरबीत, उर्दूत, मोडक्या मल्याळममध्येही.
मराठीत विचारायची वेळ क्वचितच येते.

फेब्रुवारीत बद्रियाबाई आल्या.
मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त;
उजवा मोतीबिंदू काढलेला, डावा अजून पिकतोय.
मला वाटलं, नंबर तपासायचा असेल.
त्यांनी पर्समधून बामची रिकामी डबी काढली.
आत ओल्या कापसावर फूल.
नखाएवढं. पिवळं.

"तुझं भिंग काढ. आणि तुझे डोळेही लागतील.
माझा माझ्यावर भरवसा उरला नाही."

मग त्या वाचत गेल्या, पानं सुटलेल्या एका वहीतून,
आणि मी बघत गेलो.
पान अखंड, की चिरलेलं?
चिरलेलं. शेपूच्या जुडीसारखं.
पाकळीच्या बुडाशी मधाची खपली आहे, की नाही?

इथे मी अडकलो.
अठरा वर्षांत पहिल्यांदाच
खुर्चीच्या या बाजूला होतो.
माणसं का चाचरतात ते तेव्हा कळलं:
दोन्ही सारखंच दिसतंय, असं सांगायची लाज वाटते.

"घाई नाही," बाई म्हणाल्या. हे वाक्य माझं होतं.

खपली नव्हती.
होता तो काळसर जांभळा डाग, प्रत्येक पाकळीच्या तळाशी,
सगळे मिळून मधोमध एक बाहुली.
मी मान वर केली, तर त्या हसत होत्या.
"आमच्याकडे मांजराचा डोळा म्हणतात याला.
पण नावावर जाऊ नकोस. नाव कुणालाही लागतं.
फळ बघायला हवं."

शेजारच्या तंदूरवरून रोटी आली, वर कलौंजी.
"हेही त्याच कुळातलं," त्या दाणे टिपत म्हणाल्या.
मी म्हटलं, मग आमची मोरवेलही,
आणि ओतूरच्या वरच्या डोंगरांतली निळवंतीही.
त्यांनी नावं लिहून घेतली, अरबी अक्षरांत, उजवीकडून डावीकडे.
ळ कसा लिहायचा, यावर आमची पाच मिनिटं गेली.

तीन आठवड्यांनी शुक्रवारी मुतलाकडे निघालो.
वाळूत तंबूंची गावं, चारचाकी फटफट्यांची धूळ,
मेंढ्यांनी सोलून काढलेले उतार.
कुंपणाच्या तारेखालून, गंजलेल्या टायरपलीकडे
एक खोलगट जागा.
गेल्या खेपेला सात होती, म्हणाल्या.
सहांच्या जागी खुरांचे ठसे.

सातव्यापुढे मी पोटावर झोपलो.
पाकळ्या झडून गेलेल्या, उरलेलं बोंड उभट,
कणसासारखं दाण्यांनी भरलेलं.
उंटाच्या रंगाच्या त्या उजेडात
भिंग डोळ्याला, डोळा फळाला.
मागून वरून आवाज:
कंगोरा गुळगुळीत, की दातेरी?
एक की दोन?

वारा आला की बोंड हलायचं.
मी श्वास धरून वाट पाहिली.
दातेरी, मी म्हणालो. मग पुन्हा, मोठ्याने:
दातेरी.

बाई काही बोलल्या नाहीत.
वाळूत अवघड गुडघ्यांनी बसल्या,
उजव्या, नव्या डोळ्याने
स्वतः बघितलं. बराच वेळ.
तोडलं नाही. एक दाणाही नाही.

परतताना गाडीत त्यांनी कागद भरला:
तारीख. कुळ. ओळखणाऱ्याचं नाव, तिथे माझंही,
चुकीच्या स्पेलिंगने.
"ठिकाण" या रकान्यावर पेन थांबलं.
"जहरा पुरे," त्या म्हणाल्या,
आणि बाकीची ओळ कोरी सोडली.

शनिवारी एक ट्रकड्रायव्हर खुर्चीत बसला.
एक की दोन, मी विचारलं.
तो गप्प. पुन्हा काच फिरवली. तो गप्पच.
मग हळूच, जणू गुन्हा कबूल करावा तसा म्हणाला,
भाई, फरक नाही कळत.

भिंगाच्या कडेत अजून थोडी वाळू होती.
मी म्हटलं, बघा सावकाश.