शेरा

रेकॉर्ड ऑफिसात बस्ता सोडला
तर आधी धूळच उठली.
मोडीतली ओळ बोटानं वाचत गेले:
सगुणा कोम लिंगू कोष्टी, मंगळवार पेठ,
पोरं दोन, माग एक, बंद.

कारकुनानं तिचे हात उलटेपालटे करून पाहिले असणार.
"अंगानं धड. खडी फोडू शकते.
शिधा देणे नाही."
शाई तिथं जरा फुटली आहे.
टाक अडखळला
की कागदच ओला होता, कोण सांगणार.

खालच्याच ओळीत
रहमान पिंजारी, आंधळा,
रोज अर्धा शेर जोंधळा, मंजूर.
डोळे नसणं
त्या वर्षी कामाला आलं.

चौदा वर्षांनी गिरणीच्या हजेरीपटात
सगुणा पुन्हा सापडली, वाइंडिंग खात्यात.
सूत तेच.
भोंग्याला सात मिनिटं उशीर,
एक आणा कापला.

संध्याकाळी आईला घेऊन रेशनच्या खिडकीशी.
तिचा अंगठा यंत्राला पटेना.
लोकांची भांडी घासून रेघा गेल्यात, मी म्हटलं.
पोरगा बरा होता, हसला,
"मावशी, हात पुसा, परत लावा."
आईनं पदराला पुसला,
परत लावला.
मागं रांग चुळबुळत होती.