लागत नाही

बापूंची फियाट सहासष्ठ सालची.
काळ्या पाटीवर पांढरे आकडे, स्टेअरिंगच्या कानाशी गिअर,
पुढे एकच लांब सीट, ओसरीवरच्या बाकड्यासारखी,
आणि डॅशबोर्ड सगळा पत्र्याचा.
मे महिन्यात परभणीत त्यावर हात ठेवून बघा.

पट्टा नाही. कधीच नव्हता.
आरटीओतला कारकून कागद उलटून म्हणाला,
कंपनीनंच दिला नाही त्याला तुम्ही काय करणार ताई,
या सालच्या गाडीला माफ आहे.
माफ.
तो शब्द घेऊन मी घरी आले.
वसमत रोडच्या वळणाला कुणी कळवलंय का हे?
मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्यांना?

जिंतूर रोडला याकूब मिस्त्रीचं शेड.
बोनेटवर कोपर टेकून तो म्हणाला,
"पट्टा काय, अर्ध्या घंट्यात बसतो.
बांधायचा कशाला ते सांगा.
ह्या पत्र्याला? पापड झालाय ह्याचा.
झटका बसला की पट्टा, बोल्ट, पत्रा अन् तुम्ही
समदे मिळून जाताल पुढं."

मी भंगारातून एक पट्टा नेला होता, चारशे रुपयांचा.
त्यानं तो बोटांतून वीत वीत सरकवला,
एके जागी थांबला.
"इथं वीण ताणलीय बघा.
ह्यानं एकदा कुणाला तरी धरलंय.
पट्टा एकदाच वाचवतो, बाई. मग नुसता शोभेचा."
आणि त्या पट्ट्यानं त्यानं शेळी बांधली.
कोण असेल तो, धरलेला?
पोचला का घरी?
शेळी रवंथ करत होती.

जालन्याहून पोलादाची जाड पट्टी आली,
नवा पट्टा औरंगाबादहून.
बापू लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर,
"मी काय बैल आहे, दावं लावायला?
पन्नास वर्षं हाकली. एक ओरखडा नाही."

वेल्डिंगच्या ठिणग्या उडतच होत्या,
म्हटलं आता डॅशबोर्डचाही रंग काढून टाकू.
पोरगा पॉलिश पेपर घासत गेला.
हिरव्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली लांबी,
लांबी खरवडली
तर डाव्या बाजूला, बसणाऱ्याच्या बरोबर समोर,
वाटीएवढा खड्डा.
मागून ठोकून ठोकून वर काढलेला,
तरी पुरता वर न आलेला.

याकूबनं अंगठा फिरवला त्यात.
"इथं डोकं आपटलेलं कुणाचं तरी," एवढंच म्हणाला
आणि पोराला चहा आणायला पाठवलं.

आई आडवं कुंकू लावायची,
भुवईपासून भुवईपर्यंत.
आम्हाला वाटायचं हौस.
खालचा व्रण एकदा दिसला, तर म्हणाली
न्हाणीत पाय घसरला.
आणि गाडीत कायम मागे.
पुढे ऊन लागतं म्हणायची,
दिवेलागणीला निघालो तरी.

मी लिंबाकडे बघितलं.
बापू शेळीकडे बघत होते.
खूप वेळानं म्हणाले, "प्रयागनंच सांगितलं होतं,
पोरांना कळू देऊ नका,
नाहीतर गाडी विकायला लावतील."

खड्डा बुजवायचा का, याकूबनं विचारलं.
मी बापूंना विचारलं नाही.
नको म्हटलं. नुसता रंग मार.

पहिल्या दिवशी गंगाखेडला निघालो.
बापू पुढे, डावीकडे.
मी काहीच बोलले नाही.
त्यांनीच पट्टा ओढला, बकल दोनदा चुकलं,
तिसऱ्यांदा खट्.
सदऱ्यावर काळा पट्टा आडवा,
हात मांडीवर, नजर त्या खड्ड्यावर.

नाक्यावर हवालदार हौसेनं वाकला.
गाडीचं साल विचारलं, किंमत विचारली, फोटो काढला.
मग म्हणाला, "काका, सोडा की तो पट्टा,
कामून गुदमरायलाव उन्हाचं?
ह्या सालच्या गाडीला लागत नाही."

बापू समोरच बघत होते.
"तिला लागलं होतं," म्हणाले.

मी गिअर टाकला.
हवालदार अजून मागच्या सीटवर बघत होता,
कोण बसलंय ते.