दोन नंबर

रक्ताला थंड पाणी. गवताला व्हिनेगर.
चुन्याला काही नको, वाळला की तो आपणच झडतो.
पायसांडूच्या या क्लबात मी सत्तावीस वर्षं कपडे धुते.
मॅच बघत नाही. शर्ट बघते.

तो गिचोनहून आला तेव्हा एकोणीसचा होता.
विल्मार एत्चार्त. महिन्याभरात लोकांनी त्याचा त्रांका केला,
त्रांका म्हणजे दाराला आतून घालतात तो अडसर.
अडसराला कोण ओवाळतं?
सकाळी भांडी जागच्या जागी असतात
आणि घरचे चहाला उशीर झाला म्हणून भांडतात.

वहीत सगळं आहे माझ्याकडे.
नऊ नंबर: घाम. कॉलरला लिपस्टिक.
दोन नंबर: डावी मांडी, गवत, खोलवर.
दोन नंबर: डावी मांडी, चिखल, शिवण उसवली.
दोन नंबर: बाही फाटली, आत नखाचा तुकडा, त्याचा नव्हे.
नेहमी डावीकडेच घसरायचा.
त्या एका मांडीवर माझे किती ब्रश टकले झाले.

पेपरात नाव यायचं ते पिवळं कार्ड मिळालं तर,
तेही एत्चार्तचं एचार्ट करून.
एकदा इथेच, उलट्या बादलीवर बसून माते ओढताना म्हणाला,
‘ओडिला, गोल होणार होता
असं लोकांच्या मनातसुद्धा येता कामा नये. तर मी खेळलो.’
मी म्हटलं, डागाचंही तेच.
हसला तो. पुढचे दोन दात नव्हते,
मेलोच्या कुणा पोराचं कोपर ते घेऊन गेलं होतं.

चोविसाव्या वर्षी त्याला चिलीला विकला.
त्या पैशात स्टँडचे पत्रे बदलले
आणि मला हे मशीन आलं.
पहिल्या दिवशी ते गरगरायला लागलं
तेव्हा मी त्याच्यापुढे उभी राहिले, काय बोलावं कळेना.
दोन हंगामांनी तो परत आला,
गुडघ्यावर टाके, जिने एकेक पायरी करून.
मशीन अजून गॅरंटीत होतं.

तरी पुढे आठ वर्षं खेळला. वेग गेला, तर जागा ओळखायला शिकला.
चेंडू कुठे येणार तिथे आधीच जाऊन
बसची वाट बघितल्यासारखा उभा.
मांडीवरचे डाग कमी झाले,
आणि मला वाटायचं, आता याला कळायला लागलंय.

मग ती मॅच.
जिंकलो असतो तर वरच्या डिव्हिजनला गेलो असतो.
रेडिओ मी बंद ठेवला होता, पण गाव ओरडतं तेव्हा कळतंच,
आणि गाव गप्प होतं तेव्हा जास्त कळतं.
कुणाचा तरी फटका, त्याची नडगी, आपलीच जाळी.
अख्ख्या आयुष्यात त्याचा तो एकुलता एक गोल.

रात्री टोपली आली.
दोन नंबरवर एक डाग नाही.
घसरायची वेळच आली नव्हती, चेंडू आपण होऊन आला.
मी तो शर्ट तरीही धुतला.
दोनदा.

करार वाढवणार नाही हे त्याला याच बोळात सांगितलं,
माझ्या दाराबाहेर, कारण ऑफिसात पाहुणे होते.
घड्याळ दिलं. चांगलं होतं, तारीख दाखवणारं.
आता संत्र्यांचा ट्रक चालवतो, साल्तोपर्यंत.
कधी थांबतो, माझी टोपली दोरीपर्यंत नेतो,
वाकताना एक पाय लांब ठेवून.
वही मागत नाही. मी दाखवत नाही.

नवा दोन नंबर सतरा वर्षांचा आहे.
काल त्याचा पहिला शर्ट आला.
उलटसुलट करून पाहिला मी, उजेडाला धरून.
उजवी मांडी.
विल्मार दोरीशी उभा होता, चिमटे हातात.
म्हणाला, ‘उजवीकडे? त्याला सांग...’
मग काही बोललाच नाही.
चिमटा लावला.